मुक्कामाची वही

न्यांग-ऊच्या बाजारामागं आमचं अकरा खोल्यांचं गेस्टहाउस.
अकरावी म्हणजे खरं तर कोठी,
पण हंगामात तीही जायची.

वहीत सहा रकाने:
नाव, देश, पासपोर्ट, वय, कुठून आले, कुठे जाणार.
एका जर्मन म्हातारीनं वयाच्या जागी लिहिलं होतं,
‘पुरे झालं आता’.
दोन आंबे देऊन ते मी ठाण्यात पटवलं.

साथीनं पाहुणे नेलेच होते. परत येतील म्हणून
मी गाद्या उन्हात घालत होते, तर
एका सोमवारी पहाटे फोन मुके झाले.
आम्हाला वाटलं, टॉवरवर माकड चढलं असेल.
संध्याकाळी टीव्हीवर गणवेशातला एक जण कागद वाचत होता,
मान खाली घालून,
गृहपाठ दुसऱ्यानं करून दिलेल्या पोरासारखा.

त्यानंतरचं सगळं हळूहळू.
बँकेपुढं रांगेत चपला ठेवून माणसं सावलीला बसायची.
वीज यायची रात्री दोनला, तेव्हा उठून मी चादरींना इस्त्री करायची,
कोणासाठी, ते नवरा विचारायचा नाही.
त्यानं टांगा विकला. घोडा ठेवला.
टांगा घेणाऱ्यानं तो जळणासाठी घेतला.

देवळांवरून पूर्वी फुगे जायचे, पहाटे, शेकोटीसारखे फुसफुसत,
आणि गल्लीतली पोरं वर बघून हात हलवायची.
आता वर काही घरघरलं
की पोरं आधी आत पळतात.

वही मात्र पुन्हा भरू लागली.
घरात रात्री जो झोपेल त्याची नोंद हवी.
बहिणीचा प्ये सोन पखोक्कूहून आला, ताप घेऊन.
ज्याला मी नाहू घातलं, त्याला पाहुणा म्हणून लिहिलं.
‘देश’ या रकान्याशी अडले.
वॉर्डाचे साहेब म्हणाले, रिकामा ठेव.

त्यांच्याच कचेरीत पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या निघतात
बिस्किटांच्या निळ्या डब्यातून.
डबा मी ओळखला.
एक डॅनिश जोडपं विसरून गेलं होतं,
मीच दिला होता, शिक्के ठेवायला.
चौथी चिठ्ठी झेयाची. माझा झेया, बावीस वर्षांचा,
तीन भाषांत ‘सावकाश, पायरी उंच आहे’ म्हणणारा.

तो गेला. कुठे, ते मी लिहिलेलं नाही.

काल रात्री तपासायला आलेला शिपाई त्याच्याच वयाचा.
खाटांखाली टॉर्च मारून झाल्यावर म्हणाला,
मावशी, एका रात्रीचे किती घ्यायच्या?
पंचवीस डॉलर, नाश्ता धरून.
तो हसला. मग लाजला.
मग बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली
आणि जाताना दार हळू ओढून घेतलं,
कोणी झोपलंय, जागं होईल, अशा बेतानं.

आठवड्यापूर्वी कुठूनसं पत्र आलं:
हिवाळ्यात यायचं म्हणतोय, सुरक्षित आहे का?
उत्तर अर्धं लिहून ठेवलंय.
‘तुम्हाला’ इथवर.

आम्ही दोघंच आहोत, वहीत तसंच आहे.
प्ये सोन बरा होऊन गेला, तेही आहे.
कोठीला बाहेरून कुलूप.

आज अंडी तीन उकडली.
टरफलं लगेच चुलीत घातली.
मोजायला बसलेले काय, काहीही मोजतात.