सहाव्या बोल्टपाशी

पहिल्या रिपोर्टात मी सगळं चिकटवून टाकलं होतं.
चॅनलला ब्रॅकेट, ब्रॅकेटला पंपाचं पाऊल;
जिथे दोन पृष्ठभाग शेजारी दिसले
तिथे एकच हुकूम: जोडा.
मॉडेल अकरा मिनिटांत सुटलं.
पडद्यावर निळं, निळंच, कोपऱ्यात जरासं हिरवं,
आणि खाली माझी आद्याक्षरं.

तिसऱ्या रात्री, मकरपुऱ्याच्या शेडमध्ये,
बेंचवर हलता हलता ब्रॅकेट तडकलं.
सहाव्या बोल्टच्या भोकातून निघालेली चीर
सरळ माझ्या निळ्यातून गेली.

गुणवंतभाई काही बोलले नाहीत.
चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.
खिशातून सिटी बसचं तिकीट काढलं,
एकदा दुमडलं,
आणि दोन पत्र्यांच्या मधे सरकवलं.
गेलं. पार आत गेलं.
"बेन, तमे तो आने चोंटाडी दीधुं हतुं ने?"
चिकटवलं होतं. हो.

मग वर येऊन एकेक जोड सोडवत बसले.
आठ बोल्ट, आठ रेघा, प्रत्येकीला आधीचा ताण.
पत्र्याला पत्रा फक्त टेकलेला:
दाबलात तर दाबेल, ओढलात तर सुटेल,
आडवा घसरेल, पण फुकट नाही.
घर्षण किती धरू, हे विचारायला पुन्हा खाली.
त्यांनी अंगठा बोटावर चोळला. ग्रीस होतं.
"सवारे अलग, बपोरे अलग."
मी शून्य पूर्णांक पंधरा लिहिलं
आणि समासात प्रश्नचिन्ह.

पहिल्याच पायरीला सॉल्व्हर अडला:
एक भाग मोकळा आहे.
खरंच होता. बोल्ट आवळले जाईपर्यंत
ते पाऊल कशालाच धरून नव्हतं.
फुंकर घातली असती तरी
विश्वामित्री ओलांडून, मगरींच्या डोक्यावरून,
कुठल्या कुठे गेलं असतं.
अशा वेळी एक स्प्रिंग लावतात.
इतकी हलकी की उत्तरात दिसू नये,
ड्रॉइंगमध्ये तर नसतेच,
पण तिच्यावाचून हिशेब सुरूच होत नाही.

नऊ वाजता पप्पांचा फोन, दांडिया बाजारातून.
रोजचाच, दहाबारा सेकंदांचा.
"जाळीला कुलूप लावू का?"
"लावा. माझ्याकडे किल्ली आहे."

गेटबाहेर गाडीवर सेव-उसळ खाल्ली.
वरची सेव पहिल्या घासाला कुरकुरीत,
चौथ्याला रश्श्यात मिसळून गेलेली.
कुठल्या घासाला जोड बदलला, सांगता आलं नसतं.
वर गणित तेव्हा तेच करत होतं:
टेकलं, सुटलं, टेकलं, सुटलं,
पायरी अर्धी करून पुन्हा टेकलं.

नऊ तास चाळीस मिनिटं.
सकाळी सहाव्या बोल्टपाशी मसुराएवढं लाल.
मला आनंद झाला. तुटलेल्या गोष्टीचा असा आनंद
कुणाला सांगावा कळेना,
म्हणून प्रिंट घेऊन खाली गेले.
गुणवंतभाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला.
"ए तो मने खबर हती," म्हणाले,
आणि चहा मागवला, दोन अर्धे.

तिकीट त्यांनी परत मागितलं नाही.
मायक्रोमीटरवर, दुमडलेलं: शून्य पूर्णांक चौदा.
फटीच्या रकान्यात आता निदान तेवढं भरते.
आकडा कुठून आला, असं साहेबांनी विचारलं तर
वही उघडून दाखवते. मकरपुरा ते स्टेशन,
भाड्याचा आकडा पुसट झालाय.