दिलंस तर

मुहर्रकच्या या खोलीत, विमानतळाच्या भिंतीला लागून,
मी दोन अनोळखी माणसांचं काम एकत्र जोडलंय.
एकाचा कोड खरखर ओळखतो,
दुसऱ्याचा ती उपसून काढतो.
दोघंही म्हणतात, घे, फुकट आहे.

पहिल्याची अट: पुढे दिलंस तर
जे जे मिसळलंस तेही उघडं करून दे,
आणि माझ्या अटींवर आणखी अट चढवू नकोस.
दुसऱ्याची अट एवढीशीच: दिलंस तर
जाहिरातीत माझं नाव छाप.
एवढ्यावरून दोघं एका पंगतीला बसत नाहीत.

दोन्ही लायसन्स मी तीन-तीनदा वाचली,
रात्रपाळीहून आल्यावर, चहा निवेपर्यंत.
सगळी भानगड 'दिलंस तर'ची.
आपल्या ताटात बांगड्याशेजारी श्रीखंड वाढून घ्या,
कोणी पंचायत बोलावत नाही.

मग अण्णांची कॅसेट लावली.
शहाऐंशी साली याच बेटावरच्या गोदीतून
गुहागरला धाडलेलं बोलकं पत्र.
खरखर गेली. मागचा एसी गेला.
आणि अण्णा, आजच्या माझ्याहून सात वर्षांनी लहान,
म्हणाले, "ड्राफ्ट पोचला का कळव. विहिरीचं पुढच्या साली.
बाळाला टेपजवळ धर जरा.
मला काही ऐकू येणार नाही, पण धर."

शालन फोनवर म्हणाली,
"तो प्रोग्रॅमच पाठव ना, उरलेल्या अकरा मी करते."
म्हटलं, आवाज पाठवतो. आवाजावर कुणाची अट नाही.
प्रोग्रॅम उंबरठ्याबाहेर जायचा नाही.
ती थोडा वेळ गप्प.
मग, "अण्णांचंच वळण. सगळं तिकडे,
घरी नुसता आवाज."

काल शेजारच्या खाटेवरचा सैदलवी
चपलांचा खोका घेऊन उभा राहिला.
आत त्याच्या बापाच्या नऊ कॅसेटी, एकीची फीत तुटलेली.
मागितलं काहीच नाही त्यानं. म्हणाला, इथेच बसून ऐकू.

मल्याळममधलं मला अक्षर कळलं नाही.
खरखर काढली, आणि एसीपाशी हात अडला:
तीच घरघर, त्याच जातीची,
कदाचित त्याच गल्लीतली.
"ही ठेवू?"
"ठेव," तो म्हणाला,
आणि उठून खोलीतला एसी बंद केला,
तो जुना नीट ऐकू यावा म्हणून.