केर

आई अजून विचारते,
"तू नक्की करतोस काय रं?"
लिहीत नाहीस, कॅमेरा धरत नाहीस,
तोंडाला रंग लावून उभाही राहत नाहीस.
मी म्हणतो, निर्माता.
ती म्हणते, निर्माता वर बसलाय,
आणि भाकरी उलटते.

अण्णांचं काम तिला कळायचं.
त्रिचीच्या सराफकट्ट्यामागं, बोळात,
दहा बाय आठची गलाई,
कोळसा, मूस, ॲसिडचा पिवळा धूर.
सोनारांच्या दुकानातला केर ते विकत घ्यायचे,
पायपुसणीसुद्धा, हात धुतल्याचं पाणीसुद्धा.
पोतंभर घाण जाळून
वाटाण्याएवढं पिवळं काढायचे.
त्याचा दागिना जिच्या गळ्यात जाई
तिला अण्णांचं नाव माहीत नसे.

लेंगऱ्यात निम्म्या घरांना कुलपं,
कोण कोचीला, कोण कटकला.
दहावीला नापास झालो त्या उन्हाळ्यात
अण्णांनी धंद्याला म्हणून पैसे दिले.
मी विट्यात उतरून व्हीसीआर घेतला.

रात्रीचे ऐंशी रुपये, टीव्हीसकट नव्वद.
यंत्र डोक्यावर घेऊन माळामाळानं
पारे, घाणवड, रेणावी.
वीज गेली की लोक पैसे परत मागायचे.
पहिला धडा तो:
अंधार झाला की माणसं पडद्याकडं नाही,
तुझ्याकडं बघतात.

मग लग्नांची शूटिंग, मग मुंबई.
चहा, मग चहाचा हिशेब,
मग सगळ्या युनिटच्या चहाचा हिशेब,
आणि एक दिवस चेकवर माझी सही.
असं सांगायला सोपं. मधे सोळा वर्षं आहेत,
त्यातली अकरा मला आठवत नाहीत.

चित्रपट एकच केला.
सांगलीत दुपारच्या खेळाला मोजून नऊ माणसं,
त्यातली चार भावकीतली, पास मागून आलेली.
त्रिचीची गलाई त्यात गेली.
अण्णा काही बोलले नाहीत.
चिमटे तेवढे घरी आणले, गोणपाटात गुंडाळून.

मालिका मात्र चालली.
साताऱ्याबाहेर, लिंबच्या रस्त्याला भाड्याचा बंगला,
दारात प्लायवुडचं तुळशीवृंदावन.
चारशे बारा भाग.
गुरुवारी आकडे यायचे,
बुधवारी रात्री मला घास उतरायचा नाही.
नायिकेचं पित्त, वळिवाचे शिंतोडे,
खाष्ट सासू करणाऱ्या बाईंच्या मुलाची खरीखुरी बारावी,
सगळं माझ्याकडं यायचं
आणि माझ्यातून डिझेलचं बिल होऊन बाहेर पडायचं.

एकदा अण्णांना सेटवर नेलं.
लग्नाचा प्रसंग, हेमांगी अंगभर दागिने घालून बसलेली.
अण्णांनी खिशातून कसोटी काढली,
मोहनमाळेचा मणी तिच्यावर घासला,
दिव्याकडं धरला. पन्नास माणसं थांबली.
मिनिटाला किती जातात ते मला तोंडपाठ,
तरी गप्प राहिलो.
"पितळ," अण्णा म्हणाले.
मग मणी बोटांत बराच वेळ फिरवून,
"घडण कुणाची? हात चांगला आहे."

फोन मंगळवारी आला. शनिवारी बंद.
बंगल्याच्या मालकाला भिंती होत्या तशा हव्या होत्या.
सगळ्यांना मी एकेकट्यानं सांगितलं,
जनरेटरवाल्या भिकूला शेवटी,
कारण त्याची सुपारी फुटली होती.

शेवटच्या भागात माझं नाव आलं म्हणे,
पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीशेजारी, चिमटून, दीड सेकंद.
आईला चष्मा सापडेपर्यंत गेलं.

पोरगा सेट झाडत होता:
टिकल्या, पिना, अक्षता, चिकटपट्टी,
माळेचे तुटके मणी, फाडलेली संवादांची पानं.
मी म्हणालो, टाकू नकोस, पोत्यात भर.

पोतं अजून गाडीच्या डिकीत आहे.
आई म्हणते, कसला वास येतोय रं.