पाच-चाळीस

ऊर्पोच्या दुकानात माझ्यापुढे तीन डबे,
आणि तो चिंधीला हात पुसत
एकाही डब्याकडे बघत नाही.
गाडी कुणाची, नवा पोऱ्या विचारतो.
माझी, मी म्हणते.
म्हणताना जीभ जराशी अडखळते,
मार्चपर्यंत ती ओइवाची होती.

व्होल्वो. सत्त्याऐंशीची.
तीन लाख बारा हजार किलोमीटर.
दाराखालचा पत्रा बोट लावलं तरी भुगा होतो,
मागच्या सीटवर मेलेल्या कुत्र्याचे केस,
पण इंजिन शहाणं.
जुलैत तर चालू आहे की बंद, हात ठेवून बघावं लागतं.

काचेवरच्या झडपेत त्याची वही.
तारीख, किलोमीटर, तेल.
सतरा वर्षं एकच नोंद: दहा-चाळीस.
दहा-चाळीस, दहा-चाळीस,
आणि मध्येच एका नोव्हेंबरात,
"हिल्का रात्री येणार. वायपर बदलले."

त्याला दहा-चाळीस परवडायचं.
अंगणात विजेचा खांब होता,
रात्री जेवण झालं की बाहेर जाऊन
इंजिनाला वायर जोडून यायचा,
जशी कुणी आजाऱ्याच्या पायाशी शेकायची पिशवी ठेवावी.
आता मी सोदान्क्युलात, तिसऱ्या मजल्यावर.
गाडी खाली, उघड्यावर.
खांबासाठी सोसायटीच्या यादीत
माझा नंबर अकरावा.

पोऱ्या म्हणतो, शून्य-तीस घ्या,
उणे चाळीसातही पाण्यासारखं वाहतं.
"म्हणूनच तर," ऊर्पो पहिल्यांदा तोंड उघडतो,
"जुन्या सीलमधून बाहेरही पाण्यासारखंच येतं."
मग माझ्याकडे वळून:
पहिला आकडा सकाळचा.
त्याला चिकटलेला डब्ल्यू म्हणजे हिवाळा.
दुसरा आकडा रस्त्याचा, इंजिन तापल्यावरचा.
झिजलेल्या इंजिनाला रस्त्यावर चाळीसच हवं,
तीस त्याच्या अंगावर ठरत नाही.

आणि सकाळी दहाच ठेवलं तर?
उत्तर न देता तो मागच्या दारानं जातो,
बर्फात रात्र काढलेल्या दोन बरण्या घेऊन येतो,
मुरंब्याच्या, झाकणांवर स्ट्रॉबेरीची चित्रं.
दोन्ही एकदम तिरक्या करतो.
एकीतलं तेल जड अंगानं का होईना, कूस बदलतं.
दुसरीतलं काकवीसारखं बसून राहतं,
विचार करतं,
मग कंटाळून निघतं.
"तेवढा वेळ," ऊर्पो म्हणतो,
"वर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं.
आवाज ऐकलास ना कधी?"

ऐकलाय.
ओइवा सकाळी तस्साच होता.
दोन कप कॉफी पोटात गेल्याशिवाय शब्द हलायचा नाही.
मला वाटायचं, रागावलाय.
छत्तीस वर्षं वाटायचं.
आणि दुपारी रेनडिअरच्या कुंपणापाशी
त्याची बडबड थांबता थांबायची नाही,
पण दुपारी मी शाळेत असायचे,
दुसऱ्यांच्या मुलांना पाढे शिकवत.

मी मधला डबा घेतला. पाच-चाळीस.
चार लिटरचा, वर एक लिटर सुटं,
कारण ती पिते थोडं, ऊर्पोला माहीत आहे.
पैसे मोजताना पोऱ्याला म्हणाले,
तुझंही चूक नाही, तुझी गाडी नवी असेल.
तो म्हणाला, गाडी नाही, सायकल आहे.

आज जानेवारीची नऊ. उणे एकतीस.
सीट दगडासारखी, श्वास काचेवर आतून गोठलेला.
किल्ली फिरवली.
एकदा कण्हली. दुसऱ्यांदा कण्हली.
वरच्या मजल्यावर कुणीतरी पडदा सरकवला.
तिसऱ्यांदा टकटक, टकटक,
मग टकटक विरत गेली
आणि तो जुना, घशातला, बरा आवाज.

हातमोजा दातांनी ओढून मी वहीत लिहिलं.
त्याच्या पेन्सिलीनं, कारण पेन गोठलं होतं.
तारीख, किलोमीटर, पाच-चाळीस.
माझं पाचाचं पोट त्याच्या पाचापेक्षा मोठं आलं.

संध्याकाळी गाडीखालचा पुठ्ठा ओढून बघितला.
बुटांच्या खोक्याचा, माझ्याच नव्या बुटांच्या.
दोन ठिपके. काल एक होता.
ऊर्पोला विचारायला हवं,
दोन म्हणजे किती.