सात अक्षरं

लिवोर्नोच्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानात
मी दगड दुरुस्त करते.
खारा वारा अक्षरं खातो,
नगरपालिका तासाचे पैसे देते, तेही उशिरा.

जॉब ट्रेगेन्झा, मासळीचा व्यापारी,
खारवलेली पिंपं घेऊन आला, तापानं गेला.
कुठे गेला, त्या ओळीत
फक्त एल शाबूत.
पुढची सहा अक्षरं बोटाला लागतात,
डोळ्याला नाही.

त्याच्या वंशातली लव्हडे ट्रेगेन्झा
कॉर्नवॉलहून आली, सत्तरीची,
काठी नको म्हणून छत्रीवर रेलणारी.
नकाशांच्या छापखान्यात तिचा जन्म गेला:
तांबड्या शाईनं लेगहॉर्न खोडायचं,
वर लिवोर्नो लिहायचं.
"इथेही लिवोर्नोच कोरा," ती म्हणाली.
"दुसऱ्याच्या घरावर आपल्या सोयीची पाटी
शोभत नाही. आम्ही पुष्कळ लावल्या."

मी मोजलं.
दोन्ही नावं सात अक्षरांची,
जागा तेवढीच.
दगडाची हरकत नव्हती.

माझी होती.
म्हटलं, बाई, आमचंही पूर्वी लिगोर्नो होतं,
कुण्या खलाशाच्या तोंडात ते भिजलं,
तुमच्या किनाऱ्यावर लेगहॉर्न होऊन वाळलं.
आता त्या नावाची तुमच्याकडे
पांढरी कोंबडी उरलीय, अंडी देणारी.
असू दे.
पण हा माणूस लेगहॉर्नमध्ये मेला.
लिवोर्नोत आम्ही मरतो.

नेदो गवत काढत होता.
तो विळा टेकवून म्हणाला,
"आणि आपण मोठे सोवळे!
लंडनचं लोंद्रा केलं, पॅरिसचं पारीजी.
म्युनिकलाही मोनाको, अन् मोनाकोलाही मोनाकोच.
माझा मामा गवंडीकामाला निघाला जर्मनीत,
उतरला जुगारअड्ड्याच्या दारात, थापी घेऊन.
त्याची माफी कुणी मागितली?"

बाई हसली, मग हसायची थांबली.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
दोन्हींत एका टिंबाचं अंतर;
ते टिंब आम्ही तिघं
तासभर इकडून तिकडे टोलवत होतो.

दुपारी भिंतीच्या सावलीत
चण्याच्या पिठाचं धिरडं, पावात घालून.
मी विचारलं, तुमचं गाव कुठलं?
"लिहितात माउसहोल."
म्हणजे?
"उंदराचं बीळ. म्हणतात मात्र माउझल.
आणि जुन्या कॉर्निशमध्ये, जी मी आता
बुधवारच्या वर्गात शिकते,
पोर्थेनिस. बेटाजवळचं बंदर."
शेवटचा शब्द तिनं
गरम घास फिरवावा तसा तोंडात फिरवला.

"मग तुमच्या नकाशात कुठलं छापलंत?"
छत्रीचं टोक मातीत गोल गोल.
"बीळ," ती म्हणाली.
"लोकांना तेच सापडतं."

मग कुणीच बोललं नाही.
मी कोंबडीच्या गावची, ती उंदराच्या बिळातली,
मध्ये मिरपुडीचा कागद
वाऱ्यानं फडफडत होता.

संध्याकाळी तिला स्टेशनवर सोडलं.
तिकिटाच्या खिडकीशी तिनं
घोटून घोटून आणलेला उच्चार काढला: "फिरेन्झे."
आतला पोरगा तितक्याच अदबीनं: "फ्लॉरेन्स?"
"फिरेन्झे."
"येस, मॅडम. फ्लॉरेन्स."
दोघं आपापलं घर उघडं टाकून
समोरच्याच्या ओट्यावर उभे,
आत या म्हणायला कुणी नाही.
मागे रांग वाढत गेली.
कुणीतरी तिसऱ्याच भाषेत शिवी दिली,
ती मात्र सगळ्यांना कळली.

जाताना ती म्हणाली, "तुम्ही ठरवा."
ही इंग्रजांची सभ्यता की थकवा,
मला अजून उमगलेलं नाही.

सोमवारी छिन्नी घेऊन बसले.
एलपासून सुरुवात केली, तो दोन्हींचा होता.
त्याची उभी रेघ साफ केली, मग आडवी,
मग पुन्हा उभी.
नेदो म्हणाला, "झाला की तो."
म्हटलं, थांब जरा,
कोपऱ्यात अजून मीठ आहे.