सहा आकडे

माझं नाव वेगळं आहे,
पण वडारवस्तीत मी नुसती आशा.
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी यल्लूबाईला उपकेंद्राच्या गच्चीवर नेते.
खाली भिंती जाड, रेंज शिरत नाही.
वर टाकीला पाठ लावून जिंतूरकडं तोंड केलं
की दोन काड्या येतात. कधी तीन.
तीन आल्या की आम्ही हळू बोलतो,
उडून जातील म्हणून.

यल्लूबाईनं जन्मभर खडी फोडली.
येलदरीकडच्या रस्त्याची निम्मी तिच्या हातची.
शुगरला आठ वर्षं झाली.
ती शुगर म्हणत नाही,
"बघ गं, माझं गोड किती चढलं," म्हणते.
यंत्र आहे, पट्ट्या दिवाळीपासून संपल्यात.
मी तालुक्याहून विकत आणते,
एकीचे दोन तुकडे करून चालतं का
तेही दुकानदाराला विचारून पाहिलं.
इन्सुलिन तिच्या घरी रांजणाखालच्या ओल्या वाळूत,
स्टीलच्या डबीत, चिल्लर पैशांशेजारी.

डॉक्टर दिसायच्या आधी नंबर टाकावा लागतो.
कागदावर जोडलेला नंबर तिचा नाही,
तिच्या मल्लाप्पाचा.
मल्लाप्पा निजामाबादकडं
इंटरनेटच्या केबलसाठी चर खणतो.
सहा आकडे तिकडं जातात.
तो चरातून वर येतो, हात पँटीला पुसतो,
मला फोन लावतो.

"लिहा. चार. शून्य. माय कशीय?"
"बरी आहे. पुढं?"
"शून्य. जेवती का टायमावर?"
"जेवती रे. आकडा सांग, वेळ चालला."
"सात. पाय बघितला का तिचा?"
तेवढ्यात यल्लूबाई फोन ओढून घेते,
त्यांच्या बोलीत सुरू होते.
मला त्यातला 'हजेरी' एवढाच शब्द कळतो.
मुदत संपते.
मी पुन्हा मागवते. दुसरे सहा येतात.

भादव्यातल्या मंगळवारी
पडद्यावर परभणीची डॉक्टरीण आली,
माझ्या धाकटीएवढी, समोर गार झालेला चहा.
"आजी, आज पाय दाखवा."
यल्लूबाईनं पदर सारखा केला.
"बाईसमोर पाय करू? वंगाळ दिसतं."
मग फोनला दोन्ही हात जोडले,
आणि पाय पुढं केला.

मी फोन तळव्याजवळ नेला.
भेगा. भेगांत खाणीची पांढरी धूळ.
अंगठ्याखाली चिंचोक्याएवढी
दगडाची कपची,
भोवती मांस काळं पडलेलं.
"कधी घुसली?"
"दुखली असती तर सांगितली नसती का मी?"

आणि चित्र थांबलं.
डॉक्टरीण तोंड अर्धं उघडं ठेवून तशीच.
आवाज तेवढा येत राहिला, तुटत:
"आज... उद्या नाही... आजच..."

माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर
ती मध्ये बसली, मी मागं.
पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला.
जिंतूरनं परभणीला धाडलं.
अंगठा गेला. पाय राहिला.
अंगठा कुठं टाकला, हे तिनं
ड्रेसिंगवाल्या पोराला तीनदा विचारलं.

परत आल्यावर मी म्हटलं,
यल्लूबाई, नंबर बदलून घेऊ.
माझा जोडते. आकडे इथंच येतील,
त्या दिवशी पाच मिनिटं वाया गेली,
पाच मिनिटं लई असतात.
ती पट्टीवरची माशी हाकत राहिली.
"काहून बदलायचा?
आकड्याबिगर तो काय बोलल?
नुसतं बोलायला मुकादम वर येऊ देतो व्हय?"

नंबर मी बदलला नाही.
वरिष्ठांना मुलाचा आधार मिळेना, असं सांगितलं.

आता मंगळवारी गच्चीवर
डॉक्टरची वेळ साडेअकराची असली
तरी मी अकरालाच कोड मागवते.
फोन वाजला की सरळ तिच्या हातात देते
आणि टाकीच्या पलीकडं जाऊन
वाळत घातलेली पोती उलटीपालटी करते.
पहिले सहा आकडे
मी लिहूनच घेत नाही.