खांद्याचं माप

गल्लीतली पोरं मला पाहून ओरडतात, तो! तो!
इथल्या भाषेत 'तो' म्हणजे मोठा.
माझ्या भाषेत
मी नव्हे, तू नव्हेस, तो,
पलीकडचा कुणी.
दोन्ही अर्थांनी पोरांची हाक बरोबर.

घरी मी धाकटा.
तीन भावांचे विटके सदरे घालत वाढलो,
तेही ढगळच व्हायचे.
इथे, क्वांग त्रीच्या वाळूच्या किनाऱ्यावर,
कोळंबीच्या तळ्यांचं पाणी तपासायला आलो
आणि बसमधून उतरता उतरता
मोठा झालो.

पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवरची
प्लास्टिकची तीन स्टुलं मोडली.
मग मालकीणबाईंनी काही न बोलता
दोन स्टुलं एकात एक घालून पुढे सरकवली.
बाजारात बायका दंड दाबून बघतात,
भोपळा बघावा तसा.
काय खातोस, विचारतात.
वरण म्हणजे काय ते मला सांगता येत नाही.
कुणाच्या मनात वाईट नसतं.
तरी मी चालताना खांदे आत ओढून घेतो,
दारातून वाकून जातो
आणि दार संपलं तरी
बराच वेळ वाकलेलाच राहतो.

शर्टासाठी म्हातारा न्हाम.
ओठांत टाचण्या, डोई माझ्या बरगडीशी.
माप घ्यायला न्हाम स्टुलावर चढायचा,
मी गुडघ्यात वाकायचो,
अधेमधे कुठेतरी आमची गाठ पडायची.
त्याची टेप एकशे दहापाशी तुटलेली.
पुढचे आकडे गावात कुणाला लागलेच नव्हते.
बोटाने खूण धरून
त्याने टेप पुन्हा पहिल्यापासून लावली
आणि वहीत, सगळ्यांच्या मापांखाली, लिहिलं:
खांदा चोपन्न.
हसला नाही. मान हलवली नाही.
एवढा आराम मला त्या गावात
दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

फेब्रुवारीत न्हाम गेला.
तरणी पोरं सगळी सायगावला, कारखान्यांत.
पेटी उचलायला उरले पाच म्हातारे.
त्याची मुलगी लान्य दारात आली,
मान वर करून बघत राहिली.
तिला माझ्यापुरते सोपे शब्द सापडेनात.
शेवटी टाचा उंचावून
माझ्या खांद्यावर हात ठेवला.
आमच्यातही याला खांदा देणंच म्हणतात,
हे तिला सांगायचं राहून गेलं.

पेटीवर इथे काठोकाठ भरलेला पेला ठेवतात.
सांडता कामा नये.
पहिल्या पावलालाच पेटी कलली.
माझ्या बाजूला डोंगर, त्यांच्या बाजूला दरी.
मी गुडघे मोडले.
भाताच्या बांधावरून, बायाबापड्यांच्या देखत,
बसल्यासारखा चालत राहिलो.
मांड्यांत निखारे.
कुणीतरी हसलं असेल. हसू दे.

मग वाळूची टेकडी. कबरी माथ्यावर.
खोय नावाचा म्हातारा थांबला,
एकदा चढ पाहिला, एकदा मला,
आणि दंडाला धरून मला मागे नेलं,
आडव्या दांडीच्या मधोमध, एकट्याला.
चढावर मागचा उंच लागतो.
एवढंच.
मी गुडघे सोडले. पाठ सोडली.
आठ महिन्यांनी पुरता उभा राहिलो,
माझी सगळी उंची पायांपर्यंत पोचली,
आणि वाळूत पिंडरीभर रुतत
न्हामला वर नेला.
पेला मला दिसत नव्हता.
पुढून कुणी ओरडलं नाही, त्यावरून कळलं.

चार दिवसांनी लान्यने शर्ट आणून दिला.
डावी बाही नुसती कच्च्या टाक्यांवर.
खांद्यात असा बसतो, जणू माझाच.
टाके मी पक्के करून घेतलेले नाहीत.

टपरीवर स्टुलं अजून दोनच लागतात.